धामणीच्या अंथरुणाचा पंचनामा

दुसऱ्याच्या शब्दावर कधीही विश्वास न ठेवणारा माणूस या पृथ्वीतलावर एकच होऊन गेला, आणि तो आमच्या दिंद्रुडला राहायचा. तलाठ्याला आमच्याकडे भाऊसाहेब म्हणतात. हे छत्तीस वर्षं तलाठी होते, त्यामुळे निवृत्तीनंतरही भाऊसाहेबच राहिले. सरकारने त्यांचं दप्तर काढून घेतलं, पण पंचनाम्याची खोड काढून घेणं सरकारच्याही हातात नव्हतं. बाहेर पाऊस पडतोय असं सांगितलं तर हे खिडकीतून हात बाहेर काढायचे आणि तो ओला झाल्यावरच मान हलवायचे. लग्नाच्या पंगतीत वाढपी "भाजी लई तिखट हाय बरं का" म्हणाला, तर आधी बोटभर चाखायचे आणि डोळ्यांत पाणी आलं की "बराबर हाय" म्हणून त्याला पुढे सोडायचे. एकदा गल्लीतला एक म्हातारा गेल्याचं कळल्यावर हे तिथे पोहोचले, रडणाऱ्या बायकांमधून वाट काढली आणि म्हाताऱ्याच्या नाकापुढे बोट धरून बराच वेळ उभे राहिले. म्हातारा गेलेलाच होता, पण त्या घरच्यांनी पुढे दोन वर्षं यांना चहा विचारला नाही. मी यावरून छेडलं तेव्हा शांतपणे म्हणाले, "कारखानदार, आमी समक्ष पाह्यल्याबिगर लिहीत न्हाई."

कारखानदार म्हणजे मी. साखरेचा नव्हे. बसस्टँडजवळ माझं गाद्यांचं दुकान आहे आणि वडिलांनी लावलेल्या पाटीवर 'गादी कारखाना' अशी अक्षरं आहेत. आमच्या जिल्ह्यात कारखानदार म्हटलं की मागेपुढे चार गाड्या धावतात. माझ्या मागेपुढे कापसाचे तंतू उडत असतात, एवढाच फरक. भाऊसाहेब रोज सकाळी येऊन, नाकाला रुमाल लावून, पिंजणाच्या यंत्रापासून लांब बसायचे. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, गेल्यापासून त्यांच्या घरात दुसरं कुणी नव्हतं. एकुलती लेक पुण्याला. काकूंना लकवा झाला होता आणि सात महिने अंथरुणावर काढून त्या गेल्या. त्या सात महिन्यांत माझाही हात आहे. ते सांगणारच आहे, पण त्याआधी मला थोडा धीर गोळा करू द्या.

काकूंना जाऊन दोन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. पौषात भाऊसाहेबांच्या बांधाला लागून असलेल्या शेतात ऊस तुटून गेला आणि मागे राहिलेलं पाचट पेटवलं. त्या जाळातून एक सहा फुटी धामण बाहेर आली. पोटाकडून भाजलेली होती, सरपटताना तिला अंग टेकवत नव्हतं. चार माणसं काठ्या घेऊन धावली. भाऊसाहेब मध्ये उभे राहिले आणि इतक्या वर्षांत न चढवलेला आवाज चढवून ओरडले, "पंचनामा झाल्याबिगर कुनी हात लावायचा न्हाई!" माणसं सवयीने थबकली. धामण गोणीत घालून घरी आली. वनरक्षकाला बोलावलं गेलं. तो म्हणाला, बरी होईपर्यंत ठेवा, मग सोडून द्या. यांनी ते लेखी घेतलं. धामणीला विष नसतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, पण मलम लावताना ती मनगटाला कडकडून चावली तेव्हा हे रक्त पुसत समाधानाने म्हणाले, "समदे म्हणत होते बिनविषारी हाय. आता खात्री झाली."

बंद पडलेल्या एका हॉटेलातलं मिठाईचं काचेचं कपाट त्यांनी तिच्यासाठी आणलं. काचेवर 'ताजे पेढे' ही रंगवलेली अक्षरं तशीच होती आणि त्यामागे वेटोळं घालून ती पडलेली असायची. गल्लीतल्या बायका लेकरांना कडेवर घेऊन बघायला यायच्या. एकीने वाटीभर दूध आणलं, ते भाऊसाहेबांनी चहात घातलं. माझ्या दुकानातल्या उंदरांचा मात्र पहिल्यांदाच कुणालातरी उपयोग झाला. माजलगावच्या जनावरांच्या डॉक्टरांनी तिला उलटी धरून पाहिलं आणि म्हणाले, "पोटाखाली कोरडं आणि मऊ पाहिजे. काही टोचलं, चिकटलं, ओल धरली, तर जखम सडेल आणि ती जाईल. साधा कागद अंथरा." इतका सरळ सल्ला मिळाल्यावर दुसरा माणूस रद्दी घेऊन घरी गेला असता. पण हे भाऊसाहेब. कागद काय, माती काय, भुसा काय, समक्ष पाहणी केल्याशिवाय धामणीखाली काहीही जाणार नव्हतं. आणि समक्ष म्हणजे काय, तर प्रत्येक अंथरुणावर आधी ते स्वतः दुपारभर उघड्या अंगाने झोपायचे.

आधी आली तिच्याच शेतातली काळी माती. 'तिच्या गावची माती' म्हणून यांनी ती कौतुकाने चाळली आणि ओटीवर पसरून तिच्यावर आडवे झाले. माघ लागला तरी दुपारी घाम येतोच. उठले तेव्हा पाठीवर मातीचं सारवण वाळून तडकलं होतं. वहीत नोंद झाली, 'सदर माती अंगास चिकटते व वाळल्यावर ओढते. नामंजूर.' मग आला वखारीतला लाकडाचा भुसा. त्यात झोपून सतरा शिंका आल्या, त्याही मोजून लिहिल्या. मग गुऱ्हाळावरून उसाच्या चिपाडाचा भुगा आणला. त्या दुपारी मी त्यांच्याकडे गेलो होतो. बघतो तर गृहस्थ ताठ पडलेले आणि अंगावर लाल मुंग्यांची रांग निवांत चाललेली. मी हात धरून उठवू लागलो तर म्हणाले, "थांबा, किती वेळानं चावतात ते पाहू द्या." प्रत्येक नोंदीखाली पाच पंचांच्या सह्या लागायच्या. माझी सही ठरलेलीच. गाव हसत होतं. मीही हसत होतो, कारण हसलो नसतो तर दुसरं काहीतरी आठवलं असतं.

शेवटी मीच म्हणालो, "भाऊसाहेब, दुकानात ढीगभर कापूस पडलाय. त्याच्याइतकं मऊ जगात काही नाही. घेऊन जा." त्यांनी कापूस नेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात आले ते कोपराला फडकं गुंडाळून. आदल्या दुपारी यांनी उंबऱ्याच्या दगडावर कोपर खरडून जखम करून घेतली होती आणि तिच्यावर माझा कापूस ठेवून झोपले होते. आता तो जखमेत रुतून बसला होता. माझ्यासमोर बसून, तांब्यातल्या पाण्याने भिजवून, एकेक तंतू ओढून काढू लागले. प्रत्येक तंतूबरोबर थोडं रक्त येत होतं. मला ते बघवेना. मी जरा चिडूनच बोललो, "अहो, साप आहे तो! एवढं कशाला? कापूस मऊच असतो, मी सांगितलं होतं ना तुम्हाला!"

त्यांनी वर पाहिलं नाही. "तुमी सांगितलंच होतं, कारखानदार," एवढंच म्हणाले.

आता सांगतो. काकूंना लकवा झाला तेव्हा भाऊसाहेब गादी घ्यायला माझ्याकडेच आले होते. मी काथ्याची कडक गादी दाखवली. पाठीला कडक चांगलं, हे वाक्य मी वडिलांच्या तोंडून ऐकलं होतं आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत होतो. भाऊसाहेब चपला काढून त्या गादीवर झोपून बघायला निघाले. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. मी मोठ्याने म्हणालो, "आता गादीचाही पंचनामा का, भाऊसाहेब?" सगळे खो खो हसले. आयुष्यात पहिल्यांदाच तो माणूस ओशाळला, चपला घातल्या आणि न झोपताच गादी घेऊन गेला. काकूंची वाचा गेलेली होती. त्या गादीवर त्या महिनोन् महिने एकाच कुशीवर पडून राहिल्या आणि टोचतंय हे सांगायला त्यांच्याजवळ शब्द नव्हता. पुढे ताप चढला म्हणून अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं आणि तिथे पाठ उघडी केली तेव्हा मीही खोलीत होतो. पाठीवरच्या त्या जखमा मी इथे लिहिणार नाही. अशा माणसाला हवेची गादी लागते, दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, हे आम्हाला तिथे कळलं. कळून उपयोग नव्हता.

भाऊसाहेबांनी मला कधी दोष दिला नाही. त्या सकाळीही दिला नाही. कोपर पुसत म्हणाले, "समद्या तालुक्याच्या पिकाचे पंचनामे केले आमी. घरातल्या गादीचा तेवढा राह्यला. तिला बोलता येत नव्हतं, आन् हिला बी येत न्हाई. मंग इचारायचं कुनाला? आपुनच झोपून बघायचं." मी यंत्र चालू करायला उठलो. यंत्राच्या आवाजात माणसाला रडता येतं.

त्या दिवसापासून धामण जगली पाहिजे, हे माझंही काम झालं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलेला कागद शेवटी मंजूर झाला. वर्तमानपत्रावर झोपून यांना काहीही टोचलं नाही, फक्त पाठीवर शाई उमटली. पण त्यातही अडचण निघाली. कपाटात पहिला कागद घालताना यांना त्यावर एका श्रद्धांजलीचा फोटो दिसला. "मेलेल्या मानसावर तिला कावून झोपवायचं?" असं म्हणून त्यांनी कात्री आणली. रोज सकाळी दुकानात बसून श्रद्धांजल्या कापल्या जाऊ लागल्या. मग अपघात. मग खून. आमच्या जिल्ह्याचं पान असं कापायला घेतलं की हातात फक्त कडेची चौकट उरते. राशिभविष्याला पुरावा नसतो म्हणून तेही बाद. अखेर धामण बाजारभावाच्या पानावर नांदू लागली, डोकं सोयाबीनवर आणि शेपूट तुरीवर. कागद रोज दोनदा बदलायचा, आणि बदलताना पोटाखाली बोट घालून ओल बघायची. फाल्गुनात तिने कात टाकली ती पोटाकडून चिंध्या होऊन निघाली. भाऊसाहेब दोन दिवस जेवले नाहीत. ज्येष्ठात दुसरी कात टाकली. ती घेऊन ते दुकानात आले, माझ्या गादीवर ती लांबच लांब पसरली आणि पोटाकडच्या आडव्या पट्ट्यांवरून अंगठा फिरवत गेले. मानेपासून शेपटीपर्यंत सलग होती. एकही पट्टी फाटलेली नव्हती. "कारखानदार, बघा," म्हणाले आणि वही पुढे केली. मी सही केली. आषाढात वनरक्षकासमोर तिला त्याच बांधावर सोडलं. तिने मागे वळून पाहिलं नाही, आणि भाऊसाहेबांनी तसं कौतुकाने लिहूनही ठेवलं.

आश्विनात ते न्हाणीत पाय घसरून पडले आणि खुबा मोडला. हृदय अशक्त, भूल सोसणार नाही, म्हणून डॉक्टरांनी घरी पाठवलं. आता उठायचं नाही, असं न बोलता सांगितलं. लेक पुण्याहून येऊन राहिली. मी त्याच दिवशी अंबाजोगाईला जाऊन हवेची गादी आणली, पंपाची. पण सरळ त्यांच्या घरी नेली नाही. दुकानाच्या फळीवर अंथरली आणि सदरा काढून तिच्यावर तीन दुपारी झोपलो. गिऱ्हाइकं आली आणि बघून गेली. बायको डबा घेऊन आली ती दारातच थबकली आणि म्हणाली, "तुमाला बी लागलं का त्यांचं येड?" मी तिचीच सही घेतली. आयुष्यातला पहिला पंचनामा लिहिला. 'सदर गादीवर समक्ष झोपून पाहिले. टोचत नाही. पंप किरकिर करतो.' भाऊसाहेबांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, पंचाची सही तपासली आणि म्हणाले, "उघड्या अंगानं झोपलतात का?" मी हो म्हणालो. तेव्हा कुठे त्यांनी त्या गादीवर अंग सैल सोडलं.

दर दोन तासांनी कूस बदलायची. दिवसा मी दुकान बंद करून जायचो, इतर वेळी लेक बघायची. संक्रांतीच्या आधी ते गेले. नाकापुढे बोट मीच धरलं.

अंघोळ घालताना आम्ही त्यांना कुशीवर वळवलं आणि मी पाठ बघितली. सातबाऱ्यावरच्या रिकाम्या रकान्यासारखी कोरी होती. एक फोड नाही, एक लाल डाग नाही. काकूंची पाठ पाहिल्यापासून माझ्या छातीवर जो धोंडा होता, तो उतरला असं म्हणणार नाही. जरा बाजूला सरकला. अंगणात तिरडी बांधून झाली होती, वर कडबा पसरला होता. मी वाकून त्यावरून हात फिरवू लागलो. मधोमध एक फुटकं धाट वर आलं होतं, ते उपसून काढलं, आणखी एक निघालं, तेही काढलं.

"आता काय टोचायलंय बे त्यांला?" मागून कुणीतरी म्हणालं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात फिरवून झाला, तेव्हा म्हणालो, "आणा आता त्यांना."