दुभाष्यानं घेतलेली परीक्षा

चोपन्न वर्षांच्या तोआनला दुसरं कुठलंच काम येत नव्हतं. व्हिएतनाममधल्या ‘बिन्ह लोक’ गावच्या फुटबॉल क्लबात सोळा वर्षं तो परदेशी प्रशिक्षकांचा दुभाषी होता. प्रशिक्षक पोर्तुगीजमध्ये शिव्या घालायचे आणि तोआन खेळाडूंना सांगायचा, "लेकरांनो, जरा जोरात पळा."

आता प्रशिक्षक म्हणून ब्राझीलचा रेनिल्दो आला होता. पूर्वी तो इथंच खेळायचा. त्याला व्हिएतनामी नीट येत असेल, तर दुभाषी हवाय कुणाला?

"तोआनभाऊ, तुम्हीच पारखा त्याला," अध्यक्ष म्हणाले.

तोआननं मुद्दाम गोलरक्षक थिएपला पुढं केलं. थिएपचे वडील परवाच गेले होते. व्हिएतनामीत नुसतं 'तू' चालत नाही, वय आणि नातं पाहून हाक मारावी लागते; अशा दुःखाच्या वेळी कुणाला काय म्हणायचं, इथं परदेशी माणूस हमखास चुकतो.

रेनिल्दो थिएपशेजारी बसला. "लेकरा, जेवलास का?" त्यानं हळूच व्हिएतनामीत विचारलं. थिएपला रडू फुटलं.

"काय, कच्चा की पक्का?" अध्यक्षांनी विचारलं.

 कच्चा म्हणायला तोआननं तोंडही उघडलं.

"पक्का आहे," तो म्हणाला. "मीच शिकवलाय त्याला."