कांद्याची मास्तरीण

एकतीस वर्षं मी सरकारी नोकरीत एकच काम केलं. माणसं रकान्यांत बसवायची. शेती, उद्योग, सेवा. कुठल्या तालुक्यात कुठला रकाना फुगला आणि कुठला आटला, याचे तक्ते आम्ही दरवर्षी वर पाठवत असू. वर ते कोणी वाचत असे का, हे विचारायची पद्धत नव्हती. निवृत्त होऊन वारज्यात राहायला आलो तेव्हा वाटलं, सुटलो. पण आमच्या सोसायटीमागच्या वस्तीत राधाबाई राहत होत्या, आणि त्यांनी माझं एकतीस वर्षांचं ज्ञान एका संध्याकाळी नासवलं.

राधाबाई मार्केट यार्डात कांदा निवडायच्या. बत्तीस वर्षं, रामदासशेठ नावाच्या एकाच आडत्याच्या गाळ्यावर. त्यांची आई नाना पेठेत धान्य निवडायची. बाजार गुलटेकडीला हलला तशी आई त्याच्या मागोमाग चालत गेली, आणि आईच्या मागोमाग ही. शेतकऱ्याचा माल पोत्यांतून खाली ओतला की दहा-बारा बायका ढिगाभोवती बसतात. मोठा गोळा इकडे, मध्यम गोल्टी तिकडे, सुपारीएवढी चिंगळी आणखी पलीकडे. राधाबाई अंगठ्यानं कांद्याची मान दाबायच्या. मऊ लागली की तो आतून गेलेला. किती मऊ, असं मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "ते हाताला कळतं." आमचा साठवणीचा कांदा त्याच निवडून द्यायच्या, आणि तो गणपतीपर्यंत टिकायचा. मी स्वतः आणलेला आषाढातच वास मारू लागे, हे माझ्या बायकोनं, मंदाकिनीनं, मला आजवर विसरू दिलेलं नाही.

गेल्या वर्षी हिंजवडीच्या एका कंपनीनं कांदा निवडणारं यंत्र बनवायला घेतलं. कॅमेरा कांदा बघणार, आणि चांगला-वाईट वेगळा करणार. पण यंत्राला आधी कोणीतरी शिकवायला हवं. त्या कामावरचा सौमित्र नावाचा तरुण इंजिनिअर जाणकार माणूस शोधत यार्डात आला आणि रामदासशेठनी राधाबाईंकडे बोट दाखवलं. झालं. कपाळाला पदर बांधून धुळीत बसणारी बाई गळ्यात ओळखपत्र अडकवून पुलाखाली कंपनीच्या बसची वाट बघू लागली. वस्तीनं तोंडात बोटं घातली. मी घातली नाहीत, कारण मी विचारात पडलो होतो.

विचारात पडायचं कारण त्यांच्या नातीचा शाळेचा फॉर्म. तो भरायला त्या माझ्याकडे आल्या. पालक म्हणून नाव त्यांचंच होतं. पालकाचा व्यवसाय, या ओळीवर माझं पेन अडकलं. कांदा आहे, म्हणजे शेती म्हणावी, तर या बाईनं जन्मात शेत नांगरलेलं नाही. यंत्र बनवतायत, म्हणजे उद्योग, तर यंत्राला हिनं हात लावलेला नाही. संगणकासमोर बसते, म्हणजे सेवा. पण सेवा कोणाची? कांद्याची? मी दहा मिनिटं तसाच बसलेला बघून मंदाकिनी आतून म्हणाली, "अहो, बाई एक आणि ओळ एक. नोकरी लिहा आणि मोकळे व्हा." मी 'नोकरी' लिहिलं. हा शब्द पुण्यात कुठेही खपतो.

पहिल्या पंधरवड्यातच राधाबाईंनी घोटाळा केला. संगणकावर एकेका कांद्याचा फोटो येई. चांगला असेल तर हिरवं बटण, टाकाऊ असेल तर लाल. राधाबाईंनी चार हजार फोटो बघितले आणि सगळे हिरवे केले. सौमित्र हैराण.

"मावशी, एकही रिजेक्ट नाही? मग मॉडेल शिकणार कसं?"

"टाकायचा कंचा ते तूच दाव," राधाबाई म्हणाल्या. "ह्यो साल गेल्याला, ह्यो खानावळीला जातो. ह्यो जोडकांदा, भजीवाला नेतो. ही चिंगळी, तिला लोणच्यावाला हाय. आन ह्यो सडका म्हणतोस, त्याचं अर्धं कापून हाटेलात जातं आन अर्धं शेळीला."

यार्डाची रीतच तशी. तिथे वाईट असा कांदा नसतो, त्याचं गिऱ्हाईक तेवढं वेगळं असतं. सौमित्रला ते पटलं, असं त्याच्या तोंडावरून त्यांना वाटलं. पण यंत्राला बटणं दोनच होती. शेवटी त्यानं समजावलं की मॉलमध्ये जो कांदा मांडता येईल तो हिरवा, बाकी सगळे लाल. राधाबाई शहाण्या. आठवड्याभरात मॉलच्या डोळ्यांनी बघायला शिकल्या. पुढे त्यांच्याइतकं अचूक तिथं कोणीच नव्हतं. सौमित्र त्यांना मास्तरीणबाई म्हणू लागला.

तीन महिन्यांनी त्यांना इंग्रजीत पत्र मिळालं. ते घेऊन त्या आमच्याकडे आल्या, आणि मी वाचून दाखवलं. कंपनी त्यांना नेमून घेत होती, हुद्द्याचं नाव एका श्वासात म्हणता येणार नाही इतकं लांब होतं. बुधवारी सही करून द्यायचं होतं. मी अभिनंदन केलं. मंदाकिनी साखर आणायला आत गेली.

राधाबाईंनी पत्राची घडी घातली.

"साहेब, बुधवारीच मशीन आमच्या शेठच्या गाळ्यावर लावून दावणार हायेत," त्या म्हणाल्या. "मशीन नीट शिकलं आसंल तर आमच्यातली कांता आन बाकीच्या धा जणी घरी बसतील. शिकलं नसंल तर मी घरी बसंन. कांतानं मला कांदा निवडायला शिकीवलं, साहेब. माझा नवरा गेला तवा माझ्या पोराला तिनं मांडीवर घेऊन कांदा निवडलाय. मी करतेय ते बरं का वाईट? तुमी एवढी वर्सं ह्योच हिशेब बगितला. सांगा."

आमच्या तक्त्यात असं काही झालं की आम्ही एका रकान्यातून अकरा वजा करायचो आणि दुसऱ्यात एक मिळवायचो. वजा झालेले कुठे गेले, याला रकाना नव्हता. मी पाणी प्यालो. मंदाकिनी साखरेची वाटी हातात घेऊन दारातच उभी राहिली.

बुधवारी मी त्यांच्याबरोबर यार्डात गेलो. त्यांनीच ओढून नेलं म्हणा. गाळ्यात यंत्र लावून ठेवलं होतं, एक लांब पट्टा आणि त्यावर कॅमेऱ्यांची पेटी. निवडणाऱ्या बायका गोणपाटं घडी करून भिंतीला टेकून बसल्या होत्या. समोर ढीग असताना त्यांचे हात रिकामे होते. सौमित्रनं बटण दाबलं. कांदे पेटीखालून जाऊ लागले. चांगले उजवीकडे, टाकाऊ डावीकडे, टप टप टप. ज्याला अकरा बायकांना अख्खी दुपार लागली असती तो ढीग पाऊण तासात संपला. रामदासशेठ दोनदा "वा" म्हणाले, आणि मग बायकांकडे न बघता फोनवर बोलत बाहेर गेले.

कांताबाई उठल्या. साठीच्या पुढच्या, काटक बाई. त्यांनी उजवीकडच्या क्रेटमधले चार कांदे उचलून अंगठ्यानं माना दाबल्या. मग डावीकडचे चार. एक चुकलेला सापडावा म्हणून मी मनातल्या मनात देव पाण्यात घातले होते. का, ते मला सांगता येणार नाही. यंत्र चाललं तर राधाबाईंचं भलं होतं, हे मला कळत होतंच की.

"बराबर निवडलंय," कांताबाई म्हणाल्या. "आपल्यासारखंच. ह्याला कुणी शिकवलं?"

सौमित्र काही बोलणार होता. राधाबाई त्याच्या पुढे झाल्या.

"मी."

भिंतीशी बसलेल्या बायकांपैकी एकीनं मान फिरवली. राधाबाईंचं ओळखपत्र पदराखाली गेलं होतं, ते त्यांनी स्वतःच बाहेर काढलं.

"मला ठावं होतं, कांता. पयल्या म्हयन्यातच कळलं होतं. तरी मी शिकीवलं. चांगलं शिकीवलं. वाईट शिकवायला गेले तर हात ऐकंना." आणि एकदम त्यांचा आवाज फुटला. "आगं, आसं बगू नगं! शिव्या तरी दे मला!"

कांताबाईंनी हातातला कांदा क्रेटमध्ये ठेवला. फेकला नाही, ठेवला. मग लुगड्याला हात पुसले.

"शिव्या दिऊन मशीन माघारी जाणार हाय व्हय?" त्या म्हणाल्या. "सही केलीस का त्या कागदावर?"

"न्हाई अजून."

"कर. तू न्हाई केली तर दुसरी कुणी बसंल तिथं." त्या थांबल्या. भिंतीकडच्या बायकांकडे पाठ करून, आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "आन राधे, त्यास्नी आजून कुणी लागतंय का? मला बी कांदा कळतो."

राधाबाईंनी सौमित्रकडे बघितलं. सौमित्रनं यंत्राकडे बघितलं. यंत्राला शिकायचं होतं ते शिकून झालं होतं, हे तिथं उभ्या प्रत्येकाला दिसत होतं, मलासुद्धा.

"इचारते," राधाबाई म्हणाल्या.

त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं. पत्र क्रेटच्या कडेवर ठेवून सही केली, सावकाश, एकेक अक्षर काढत. कांताबाईंनी कागद उडू नये म्हणून तो एका बाजूनं धरून ठेवला होता.