चाचांच्या मशीनची तपासणी

मुरुडच्या ज्या ऑफिसात मी नकाशे काढते, तिथलं सगळं काम मला चाचांनी शिकवलं. ते मूळ मुरुडचेच. तरुणपणी गल्फला गेले, तिथल्या एका बांधकाम कंपनीत वर्षानुवर्षं ड्रॉइंगचं काम केलं आणि परत आल्यावर आमच्या सरांकडे लागले. काशीदचे लॉज, नारळाच्या वाड्यांमधले मुंबईकरांचे बंगले, असलं आमचं काम. मी रेवदंड्याहून एसटीने यायची. डिप्लोमा हातात होता, पण जिना काढताना वरच्या तुळईला माणसाचं डोकं आपटणार नाही ना, हे आधी बघायचं असतं, ते कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. चाचांनी सांगितलं.

मग चाचांची कामं मागे पडायला लागली. ते म्हणायचे, कॉम्प्युटर अडकतोय. खोटं वाटायचं काही कारण नव्हतं. आमच्याकडे खारी हवा सगळंच खाते. मशीनच्या पंख्यावर चिकट धूळ बसते, आतल्या पट्ट्यांवर हिरवट गंज चढतो, विजेचा तर भरवसाच नाही. सरांनी आधी रॅम वाढवून दिली, मग नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं. थोडे दिवस चाचा काही बोलले नाहीत, मग पुन्हा तेच. एका लॉजचा मालक दोनदा येऊन हात हलवत परत गेला, तेव्हा ते ड्रॉइंग शेवटी मी पुरं केलं. चाचा शेजारी बसून बघत होते.

सर आवाज चढवणारे नव्हेत. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, नवं मशीन घ्यायला माझी ना नाही, पण कुठलं घ्यायचं ते आधी कळू दे. ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरांवर एकच ड्रॉइंग चालव, कुठे किती वेळ लागतो ते बघ आणि मला सांग.

मला ते काम आवडलं. आमच्याकडचं सगळ्यात जड ड्रॉइंग मी निवडलं: काशीदचा डोंगरउतारावरचा एक रिसॉर्ट, झाडांसकट. कुणाचा हात हळू, कुणाचा जलद, तो फरक मध्ये येऊ नये म्हणून एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला. फाइल उघडायची, भिंती सरकवायच्या, झूम करायचं, थ्रीडी चित्र तयार करायचं, सेव्ह करायचं. सगळं तो आपोआप करणार आणि लागलेला वेळ सांगणार. माझं मशीन, सरांचा लॅपटॉप, कोपऱ्यातला जुना डबा आणि चाचांचं मशीन, सगळ्यांवर चालवला.

चाचांचं मशीन सगळ्यांच्या पुढे होतं. माझ्यापेक्षा तर निम्म्याहून कमी वेळात सगळं उरकत होतं.

मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. सकाळी मशीन थंड असतं म्हणून भर दुपारी एसी बंद ठेवून चालवलं. पंखे साफ करून पाहिलं. चाचांची स्वतःची फाइल घेऊनही पाहिलं. उत्तर बदललं नाही. मग मनात आलं की प्रोग्रॅम काम करतो तसं माणूस करत नाही, कदाचित हाताने काम करतानाच काहीतरी बिघडत असेल. मी चाचांना म्हटलं, तुम्ही नेहमीसारखं काम करा, मी नुसती बघते.

ते बसले. स्वयंपाकघराची एक भिंत सरकवायची होती. त्यांनी कमांड दिली, भिंत निवडली आणि माउसवरचा हात मांडीवर घेतला. आम्ही दोघं पडद्याकडे बघत राहिलो.

"बघ बेटा," चाचा म्हणाले, "अडकलं."

मी खाली पाहिलं. पडद्याच्या तळाशी त्या भिंतीसाठी प्रश्न आला होता, किती सरकवू? त्याच्यापुढे कर्सर लुकलुकत होता. मशीन कुठेच अडकलं नव्हतं. ते चाचांनी आकडा द्यायची वाट बघत होतं आणि चाचा त्याची वाट बघत होते.

मी हात लांब करून आकडा टाकला, एंटर दाबलं. भिंत लगेच सरकली. चाचा हसले आणि म्हणाले, तुझ्या हाताला ऐकतं ते. मग त्यांनी दुसरी भिंत घेतली आणि तिथेच थांबले. त्यांना माझ्या मशीनवर बसवलं, तेही त्यांच्यासाठी अडकलं.

सरांना मी दोन्ही मशीनवर काय झालं ते सांगितलं. ते म्हणाले, घरी सांगायला हवं. तू सांग, तुझं ऐकतील.

चाचींना मी सांगितलं तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. म्हणाल्या, नमाज पढताना त्यांची रकात चुकते, कितवी फेरी झाली ते लक्षात राहत नाही, मशिदीत शेजारी उभ्या राहणाऱ्याने हळूच येऊन सांगितलं होतं. बाजारातून येताना दोनदा भलत्याच गल्लीत शिरले. मुलाला गल्फला फोन केला तर तो म्हणाला, वय झालंय अब्बांचं. कुणाला विचारायचं ते न कळल्यामुळे त्या गप्प राहिल्या होत्या.

मांडव्याहून लाँचने आम्ही तिघं मुंबईला गेलो. डॉक्टर बाई होत्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी वार विचारला, चाचांनी बरोबर सांगितला. मग कागदावरचा ठोकळा दाखवून म्हणाल्या, हा तसाच काढा. चाचांनी पेन्सिलीचं टोक नखावर घासून पाहिलं. समोरचा चौकोन पट्टीशिवाय असा सरळ काढला की डॉक्टर वाकून बघायला लागल्या. त्यानंतर मागच्या बाजूला जाणारी रेघ यायला हवी होती. चाचांची पेन्सिल कागदाच्या वर तशीच राहिली. चाचींनी पदर तोंडाशी धरला. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

परतताना चाची खाली बसून राहिल्या. चाचा आणि मी वरच्या डेकवर होतो. गेटवे मागे पडला तसं त्यांनी मला विचारलं, "मशीन तपासलंस ना? काय निघालं?"

"मशीन चांगलं आहे, चाचा."

त्यांनी मान डोलावली. वाऱ्याने टोपी उडू नये म्हणून ती हातात घेतली. "सरांना सांग, नवीन घेऊ नका," ते म्हणाले. "खर्च वाया जाईल."



पावसाळ्यापर्यंत ते ऑफिसात येत राहिले, मग चाचींनीच बंद केलं, कारण ते एकटे रस्ता ओलांडतील याची त्यांना भीती वाटायला लागली होती. सरांनी त्यांचं मशीन मला दिलं. मी नको म्हणू शकले नाही; काम खरोखरच त्याच्यावर पटापट होतं.

चाची म्हणाल्या होत्या, त्यांना काहीतरी काम देत जा. म्हणून शुक्रवारी मी ड्रॉइंगचे प्रिंट त्यांच्या घरी नेते. सुरुवातीला ते लाल पेन्सिलीने चुका काढायचे आणि त्या चुका खऱ्या असायच्या. एकदा दार भलत्याच बाजूला उघडत होतं, ते माझ्या आणि सरांच्याही नजरेतून सुटलं होतं. मग जिथे चूक नव्हती तिथे गोल पडायला लागले. मी ऑफिसात येऊन ते खोडायची. आता ते पेन्सिल हातात घेत नाहीत. कागद बघतात, उलटा असला तरी बघतात, आणि विचारतात, "घर कुणाचं आहे हे?"

मी मालकाचं नाव सांगते. ते म्हणतात, चांगलं आहे. चाची आतून चहा आणतात.