यादीतलं माझं नाव

काल शेजारीण पेढे घेऊन आली, पोरगा पास झाला म्हणून. वेलचीचा वास नाकात गेला आणि मी मनाने थेट वागळे इस्टेटमधल्या आमच्या कंपनीच्या गेटवर पोचलो.

कंपनीने आमची कबड्डी टीम पगारावर ठेवलेली. पहिली पाच वर्षं ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत एक कप सोडला नाही. मग एकेकाचे गुडघे गेले आणि पुढची पाच वर्षं नुसता मार खाल्ला. मी मात्र दहाही वर्षं राखीव. माझ्या चड्डीला माती लागायची ती बसून बसून.

त्या दिवशी बोर्डावर यादी लागलेली, दर स्पर्धेआधी लागायची तिथेच. शाळेचं तोंड बघितलं नाही मी, पण सही करतो, म्हणून स्वतःचं नाव तेवढं ओळखतो. आणि यादीत शेवटी माझं नाव! धावत जाऊन पेढे आणले, गेटवर टीममधल्या एकेकाच्या तोंडात कोंबले.

"मला घेतलं रे! आता मीपण खेळणार!"

आमचा कप्तान विलासदादा पेढा चघळत बोर्डापाशी गेला, वाचून परत आला.

"बबन्या, दहा वर्षं टीममध्ये घ्या म्हणून रडत होतास ना? घेतलं बघ. सगळ्यांना एकदमच कामावरून काढलंय."

कोणी पेढा थुंकला, कोणी माझी आई काढली. दादा तिथेच पायरीवर बसला.

सांगायला लाज वाटते. सगळे घरी गेल्यावर मी परत बोर्डापाशी गेलो, आणि दादा ज्या यादीत होता त्याच यादीत आपलं नाव बघून मला बरं वाटलं.