वर्ष होऊ दे

पोरीला आत नेलं आणि दार लावून घेतलं. मी तिचा डबा मांडीवर धरून बाहेरच्या बाकावर बसले होते. आतून तिचा आवाज येत होता, "आजी, चल ना घरी." थोड्या वेळाने तोही थांबला.

तिला तिथे मीच घेऊन गेले होते. पहिलीत नाव घालायचं तर पालक म्हणून कोणाचा तरी कागद हवा, बालकल्याण समितीकडून आणा, असं शाळेतल्या मोठ्या बाई म्हणाल्या होत्या. मला वाटलं, शिक्का मारतील आणि संध्याकाळी आम्ही मानपाड्याला परत. डब्यात दोघींची चपाती-भाजी होती.

समितीतल्या मॅडमनी विचारलं, "मुलीचे आईवडील कुठे आहेत?"

"मेले."

"मग तुम्ही तिच्या कोण?"

"घरमालकीण."

मी म्हटलं, "मला ती दत्तक घ्यायचीय." त्यांनी माझं वय विचारलं. मी खरं ते सांगितलं, सहासष्ट. "आजी, एकट्या बाईला पंचावन्नच्या पुढे कुठलंच मूल मिळत नाही. एवढ्या लहान मुलीसाठी तर पन्नासच. नात्यातल्या असतात तर वय आड आलं नसतं. मुलगी आता आमच्या बालगृहात राहील."

नात्यातली मी नव्हते. माझ्या दोन खोल्या, त्यातली एक भाड्याने दिलेली. तिथे हे जोडपं राहायला आलं, पोर तिथेच झाली. मला मूल नाही, नवरा कधीच गेला. पोर रांगायला लागली तशी माझ्या खोलीत यायची, आणि मग रात्री झोपायलाही माझ्याकडेच. तिचा बाप रिक्षा चालवायचा. शीळ रस्त्यावर डंपरने उडवलं, जागीच गेला. नंतर आईच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर काय म्हणाले ते तिने लपवलं नाही.

"आजी, पोरीला तुमच्या मांडीवर देते. रीतसर."

"दे."

"मग ती तुम्हाला आई म्हणणार. मी तुमची कोण?"

"भाडेकरू. आणि पाण्याची मोटर चालू ठेवून जाऊ नकोस."

हसली. हसताना पोट धरायची.

आम्ही दोघी कल्याणला कोर्टाजवळच्या एका वकिलाकडे गेलो. माणूस बरा होता. म्हणाला, हिंदू कायद्याने सोपं आहे. घेणाऱ्या बाईला वयाची वरची अट नाही, तिला मुलगी किंवा नात असता कामा नये, पोर पंधराच्या आतली हवी. आईने मांडीवर द्यायची, आजींनी घ्यायची, साक्षीदारांसमोर कागद करून नोंदवायचा. "फक्त एक. द्यायचा हक्क आईबापांचा. मामा, काका, आजी, कोणाला देता येत नाही. तेव्हा उशीर करू नका. या आठवड्यात या."

घरी आल्यावर ती म्हणाली, "आजी, ह्यांचं वर्ष होऊ दे."

नवऱ्याचं वर्षश्राद्ध व्हायचं होतं. वर्षाच्या आत घरात शुभकार्य करत नाहीत. मांडीवर देणं म्हणजे नारळ, हळदकुंकू, नवा फ्रॉक, पाच बायकांना बोलावणं. हे तिच्या डोक्यात पक्कं होतं. मी म्हटलं, "नारळ राहू दे, नुसता कागद करू."

"नको. असं चोरून दिल्यासारखं नको. आधीच बाप गेलाय, पोरीला काही झालं तर?"

चाळीतल्या बायकाही तिच्याच बाजूच्या. "थोडे महिने तर उरलेत," म्हणाल्या. फ्रॉक आणून ठेवला होता, पिवळा. वर्षश्राद्धाच्या आधीच ती गेली. खाल्लेलं पोटात ठरेना, मग पाणीही ठरेना, मग संपलं. तिचा भाऊ गावाहून आला, तेरावं केलं आणि परत गेला. भाचीला नेतो म्हणाला नाही. मीही विचारलं नाही.

पोर बालगृहात गेल्यावर मी त्याच वकिलाकडे गेले. त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुम्हाला सांगितलं होतं ना, आई आहे तोवर."

"तिला वर्ष पाळायचं होतं."

"आता पोरीवर हक्क समितीचा. आणि त्यांच्याकडे वयाचा नियम."

नुसतं सांभाळायला द्या, असाही अर्ज मी केला. तिथेही वयच आडवं आलं. भेटायला गेले तर पहिल्या वेळी पोर मला बिलगली. पुढच्या वेळी लांबूनच बघत राहिली. तिसऱ्या वेळी ती तिथे नव्हती.

"चांगलं घर मिळालंय," मॅडम म्हणाल्या.

"कुठे?"

"ते सांगता येत नाही, आजी."

"ती आई कोणाला म्हणते?"

त्यांनी पुढच्या माणसाला आत बोलावलं. डॉक्टर मला म्हणतात, बीपी नाही, शुगर नाही, अजून वीस वर्षं काढाल. समितीला हे सांगायला डॉक्टर नव्हता.

बाजूची खोली मी पुन्हा भाड्याने दिली. फ्रॉक ठेवलेला आहे, आता तिला बसणार नाही. पोरीचा बाप गेला, आई गेली, पोर दुसऱ्यांची झाली. मी जिवंत आहे.