ओढ्याच्या तोंडाशी जागा होती

मास्तर गेल्याचं कार्ड शाळेच्या पत्त्यावर आलं. शिपायानं ते हजेरीपटावर ठेवलं होतं. मी आधी हजेरी घेतली, मग ते वाचलं. चारच ओळी होत्या. बारामतीला, न्यूमोनियानं, आठ दिवसांच्या दुखण्यात... खाली त्यांच्या मेव्हण्याची सही. असलं कार्ड घरी नेत नाहीत म्हणून मी ते तिथंच फाडलं आणि मुलांना म्हणालो, "पुढची गणितं सोडवा." दोन दिवसांनी दुखवट्याच्या सभेत मुख्याध्यापकांनी मला मास्तरांचा जिवलग स्नेही म्हणून बोलायला उभं केलं. मी बोललो. त्यांची चित्रकला, त्यांचा गोड स्वभाव, त्यांची होडी. लोकांनी डोळे पुसले. मी खाली बसलो. जे बोललो त्यातलं काही खोटं नव्हतं, पण जे बोललो नाही ते सांगितल्याशिवाय मला त्यांच्याविषयी एक अक्षरही बोलायचा अधिकार नव्हता. आज दीड महिन्यानं ते लिहायला बसलो आहे.

सखाराम मास्तर आमच्या इंदापूरच्या शाळेत चित्रकला शिकवायला आले ते वेंगुर्ल्याकडून. अंगानं किरकोळ, डोक्यावर काळी टोपी, बोटांना कायम रंग. समुद्रकाठी वाढलेल्या माणसाला आमचा उघडाबोडका मुलूख कसा मानवणार असं आम्हाला वाटायचं. पहिल्याच पावसाळ्यात ते सायकलवरून भीमेवर जाऊन आले आणि शिक्षकांच्या खोलीत म्हणाले, "एवढं पाणी, एवढा वारा, आणि एकही शीड नाही?" आम्ही हसलो. आमच्याकडे नाव म्हणजे उतारूंना पल्याड नेणारी, बांबूनं रेटायची. मास्तरांनी मात्र मनावर घेतलं. पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत बारामतीतल्या एका सुताराकडे बसून त्यांनी आंब्याच्या फळ्यांची बारा फुटी होडी करवून घेतली. फटींत कापूस आणि राळ स्वतः भरली. मांजरपाटाचं शीड त्यांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, हातानं शिवलं. बैलगाडीवर उलटी घालून ती होडी दोन दिवसांनी इंदापुरात आली तेव्हा पोरं मागं धावत होती आणि शिक्षकांच्या खोलीत तिचं नाव पडलं, 'मास्तरांचं गलबत'. ते नाव मीच पाडलं होतं.

होडी झाली, पण ती बांधायची कुठं हा प्रश्न त्यांनी ती करताना हिशेबात धरलाच नव्हता. उन्हाळ्यात भीमा आटते, तेव्हा होडी कुठल्याही झाडाखाली पालथी घालता येते. पण शीड उभारायचं ते आषाढापासून दिवाळीपर्यंत, आणि नदी फुगते तीही तेव्हाच. त्या चार महिन्यांसाठी पुराच्या धारेपासून बाजूला, वाऱ्याच्या आडोशाला, मास्तरांच्या पगारात बसेल अशी जागा हवी होती. दर रविवारी आम्ही दोघं सायकली काढायचो. नदी ओलांडायच्या उतारावरच्या नावेचा मक्तेदार म्हणाला, घाट माझ्या मक्त्यातला, चार महिन्यांचे वीस रुपये पडतील. मास्तरांचा महिन्याचा पगार पस्तीस. देवळाच्या घाटावरच्या पंचांनी, तिथं बायका धुणी धुतात म्हणून नकार दिला. एका बागाईतदारानं फुकट बांधू देतो म्हटलं, पण त्याचा काठ असा उघडा होता की मास्तरांनी नुसतं पाहिलं आणि हात जोडले.

एकदा नदीच्या वळणावर थांबलो असताना त्यांनी वळणापलीकडे बोट केलं. काठात आत शिरलेला एक ओढा, तोंडाशी दाट बाभळी, आत काळंभोर स्थिर पाणी. "शंकरराव, ती जागा बघा. तिथं होडी पाळण्यात ठेवल्यासारखी राहील. कुणाची असेल हो?"

ती आमची होती.

मी ते सांगितलं. तेवढं खरं सांगितलं. मग म्हणालो, "पण आमचा तात्या मळ्यात परक्याला येऊ देत नाही. विचारून बघतो." तात्या म्हणजे माझा थोरला भाऊ. वडील गेल्यावर त्यानं शाळा सोडली आणि वांगी-भेंडी पिकवून मला शिकवलं. आणि मी शाळेत काय सांगत होतो? नदीकाठी आमची बागाईत आहे, भाऊ देखरेख करतो. देखरेख करणारा माझा भाऊ कंबरेला पंचा गुंडाळून चिखलात उभा असायचा आणि बाजाराच्या दिवशी डोक्यावर पाटी घेऊन इंदापुरात बसायचा. एकदा शाळेच्या मंडळींबरोबर बाजारातून जाताना त्यानं मला पाहून हात वर केला होता, आणि मी कापडाच्या दुकानाकडे बघत पुढं गेलो होतो. मास्तरांची होडी आमच्या ओढ्यात बांधली तर मास्तर दर रविवारी मळ्यात येणार, आमची कुडाची खोली बघणार, तात्याचं बोलणं ऐकणार... मी तात्याला विचारलंच नाही. पुढच्या रविवारी मास्तरांना म्हणालो, "नाही म्हणतो. फार हट्टी आहे."

मास्तर म्हणाले, "असू द्या. त्यांचं पीक आहे, त्यांना जपलं पाहिजे." आणि वर मलाच समजावलं, "यावरून भावाशी वाद घालू नका हं."

शेवटी उताराच्या खालच्या अंगाला, वाळूच्या पट्टीवरच्या एका एकट्या बाभळीला होडी बांधली. मक्तेदारानं तिथले सहा रुपये घेतले. पहिल्या दोन महिन्यांत मास्तरांनी मला पाच-सहा वेळा नेलं. शीड भरलं की ते बोलायचे थांबत. एका हातात सुकाणू, दुसऱ्यात दोर, आणि चेहऱ्यावर असं काही की मला वाटायचं, हा माणूस आत्ता आपल्या गावी आहे. आमच्या ओढ्यासमोरून जाताना मी दुसऱ्या काठाकडे बघत असे.

श्रावणात वरच्या अंगाला पाऊस लागला आणि दुपारच्या शाळेत बातमी आली की भीमा पात्र सोडून चालली आहे. आम्ही पोचलो तेव्हा बाभळच नव्हती. मास्तर गढूळ पाण्याच्या कडेपर्यंत गेले. मग म्हणाले, "चला, तुमच्या चाचणीच्या वह्या राहिल्यात ना तपासायच्या." दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर माठ काढला आणि त्याची सावली कुठं पडते ते मुलांना शिकवलं. त्या सालाअखेर ते बारामतीच्या शाळेत गेले. पत्रं यायची. होडीचा विषय त्यांत कधी नसायचा, आणि मी सुटलो असं समजत होतो.

तेराव्यानंतर वहिनींना भेटायला निघालो तर तात्या धुतलेलं धोतर नेसून मोटारीच्या थांब्यावर उभा. हातात भाजीची पिशवी. मी विचारलं, "तू कशाला?"

"वळख हुती," तो म्हणाला.

मोटारीत त्यानं सांगितलं. पूर ओसरल्यावर मास्तर होडीच्या फळ्या शोधत काठाकाठानं आमच्या मळ्यापर्यंत आले होते. डोलकाठी आमच्या बाभळीत अडकली होती, ती तात्यानं काढून ठेवलेली. "म्या म्हनलं, मास्तर, हितं का न्हाय बांधली? हितलं पानी पुरातबी हालत न्हाय. तर मास्तरांनी त्वांड फिरवलं. मग म्हनलं, मीच इचारायचं इसरलो."

"मग?"

"मग काय. भाकरी खाल्ली आमच्यासंगं. पुढं म्या म्हनलं, दुसरी करा, बांधा हितं खुशाल. तर म्हनलं, शंकररावांना इचारल्याबिगर न्हाय. तेवढं इचारनं त्यांच्याकडनं झालं न्हाय, बग." तात्या खिडकीबाहेर बघत होता. बारामतीच्या बाजाराला माल घेऊन गेला की तो मास्तरांच्या घरी भाजी टाकायचा, तीन वर्षं. मास्तरांनी त्याला बजावलं होतं, शंकररावांना सांगू नका, त्यांना उगाच संकोच होईल.

घर दोन खोल्यांचं. वहिनींनी तात्याकडून पिशवी घेतली, आणि तो न विचारता दाराजवळच्या पाटावर जाऊन बसला. त्याची ती रोजची जागा असल्यासारखा. पागोटं काढून त्यानं भिंतीच्या खुंटीला लावलं. समोर दुसरा पाट मांडलेला होता, रिकामा. मला मात्र वहिनींनी सतरंजी घालून दिली, पाहुण्यासारखी. "पुन्हा होडी करा म्हणून मी किती मागं लागले, भावजी," त्या म्हणाल्या. "तर म्हणायचे, बांधायला जागा कुठं आहे?" तात्यानं मान खाली घातली. मी चहा बशीत ओतला.

परतीच्या मोटारीची वाट बघताना मी तात्याला म्हणालो, "मी तुला विचारलंच नव्हतं. तू नाही म्हणालास असं मीच त्यांना सांगितलं."

त्यानं तंबाखू चोळणं थांबवलं नाही. "मला ठावं हाय."

"कधीपासून?"

"तवाच. मास्तराला खोटं बोलाय येत नव्हतं." मग चिमूट तोंडात टाकून म्हणाला, "तुला आमची लाज वाटती त्ये बी ठावं हाय. शिकवताना वाटलंच हुतं, आसं हुईल."

त्यात राग नव्हता. मोटार आली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "हितनं पुढं त्या घरची भाजी तू नेत जा."

तेव्हापासून तीन रविवार मी बारामतीला गेलो. तात्या पहाटे पिशवी भरून ठेवतो, वर केळीच्या पानात गुंडाळलेली मेथी असते. वहिनी दार उघडतात, पिशवी आत नेतात. दाराजवळ ते दोन पाट अजून समोरासमोर मांडलेले आहेत. वहिनी ते पुसतात, उचलून मात्र ठेवत नाहीत. मी सतरंजीची वाट न बघता भिंतीला टेकून उभा राहतो. "बसा ना, भावजी," असं त्या दर वेळी म्हणतात. मी अजून बसलेलो नाही.