कस्तूरीबाईचा अंगठा

तुमच्या घरी खोकल्याच्या काढ्यात जी मुळी पडते, ती पहिल्यांदा ज्यानं ओळखून दिली त्या माणसाचं नाव सांगता येईल तुम्हाला? नाही ना? माझी गोष्ट तुमच्यापेक्षा वाईट आहे. मला नाव ठाऊक होतं... आणि मी ते लिहिलं नाही.

आधीच सांगते — भूतखेत मी कधी मानलं नाही. बाबा झाशीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते, युनियनचं काम करायचे. पत्रकांच्या घड्या घालतच मी वाचायला शिकले. भुताची भीती ही दुबळ्याला गप्प बसवायची सोय आहे, हे मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकत आलेय. आजही मला ते खरंच वाटतं. तरीही...

मी वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करतेय. झाशीजवळ, बबीनाच्या पुढे, खडकाळ रानात, एक इवलंसं झुडूप मला कस्तूरीबाईनं दाखवलं. ती शहरात लक्ष्मी गेटपाशी फडकं पसरून जडीबुटी विकते. त्या झुडपाला ती पथरजडी म्हणते. पान चुरडलं की कैरी आणि रॉकेल एकत्र केल्यासारखा वास येतो. तिच्याशिवाय मला ते जन्मात सापडलं नसतं.

मी तिला हिंदीत लिहून दिलं होतं — जहाँ यह जड़ी छपेगी, वहाँ कस्तूरीबाई का नाम छपेगा. खाली माझी सही, साक्षीदार म्हणून बाबांची, आणि एका चौकोनात तिचा निळा अंगठा. खुरपं लागून तिच्या अंगठ्यावर तिरका व्रण पडलाय; ठशातही ती पांढरी रेघ स्वच्छ उमटली.

"पक्को न, बिन्नू?" तिनं विचारलं. मुलीला बिन्नू म्हणायची इकडची रीत.

"एकदम पक्का, बाई."

कागद बाबांच्या पत्रकांच्या ट्रंकेत गेला. कुलूप लागलं.

पुढे उष्णकटिबंधीय वनस्पतींच्या एका कॉन्फरन्ससाठी आमचं पोस्टर निवडलं गेलं. ब्राझीलमध्ये, मनाउसला! मी तिसरं नाव कस्तूरीबाईचं घातलं, तर माझे गाईड हसले. "अरे, किस-किस का नाम डालोगी? कल को टेम्पोवाले का भी डालना, जंगल तक वही तो ले गया था!"

मीही हसले. हो, हसले. माझ्या प्रवासाच्या अर्जावर त्यांची सही व्हायची होती. पोस्टरवर दोनच नावं छापली — त्यांचं आणि माझं.

मनाउस म्हणजे घनदाट जंगलाच्या मधोमध, काळ्या पाण्याच्या अफाट नदीकाठी वसलेलं शहर. सकाळी पोस्टर बोर्डावर लावलं, फोटो काढून आईला पाठवला आणि दुपारी नदीवर गेले. काठाला बोटी, वर बाजार, बाजारात जडीबुटीच्या दुकानांची रांग. भर उन्हात, गर्दीत उभी होते, आणि मागून हाक आली —

"बिन्नू!"

वळले. विकणाऱ्या बायका आपल्या पोर्तुगीजमध्ये गिऱ्हाइकांशी हुज्जत घालत होत्या. माझ्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं. पण वास आला. कैरी आणि रॉकेल. मग अगदी कानाशी, हळू आवाजात —

"हमाओ नाव?"

माझं नाव कुठे, एवढंच. त्यात राग नव्हता. शेजारणीनं नेलेली वाटी परत मागावी, तसा आवाज.

हॉलवर परतले तर पोस्टरवर, आमच्या दोन नावांच्या खाली, निळा अंगठा. मधून तिरकी पांढरी रेघ. रुमाल ओला करून घासला, शाई जरासुद्धा पसरली नाही. बोर्डापाशी बसलेल्या मुलीला विचारलं, तिनं खांदे उडवले. मी पुन्हा फोटो काढला. सकाळच्या फोटोत ती जागा कोरी आहे. दोन्ही फोटो माझ्याकडे आहेत.

घरी आल्यावर बाबांना सगळं सांगितलं. ते आधी हसले. ट्रंक उघडली. मजकूर होता, आमच्या दोन्ही सह्या होत्या... चौकोन कोरा होता! बाबांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला. डाग नाही, दाबल्याची खूणही नाही.

"शाई उडते कधीकधी," ते म्हणाले.

"मग आपल्या सह्या कशा नाही उडाल्या?"

त्यांनी कागदाची घडी घालून तो परत ट्रंकेत ठेवला. मग म्हणाले, "शाईचं राहू दे. तू नाव का नाही लिहिलंस?"

दुसऱ्या दिवशी लक्ष्मी गेटवर गेले. कस्तूरीबाई आपल्या जागी, तोंडात तंबाखू, ठणठणीत. ऐकून खदखदा हसली. "हम तो दतिया लौं नईं गए, बिन्नू! और अंगूठा तो जौ रओ." शेजारच्या दतियापर्यंतसुद्धा ती गेली नव्हती. तिनं अंगठा माझ्या नाकासमोर नाचवला. तिरका व्रण जिथल्या तिथे. मग एकदम हसू थांबवून म्हणाली, "नाव तो लिख दओ न?"

मी मान खाली घातली. ती गाठोड्याकडे वळली. त्या दिवशी तिनं मला परत बिन्नू म्हटलं नाही.

आता त्याच कामाचा लेख छापायला जायचाय. मी गाईडना लिहून कळवलंय — तिचं नाव नसेल, तर माझंही काढा. उत्तर अजून नाही. पीएच.डी.चं काय होईल, माहीत नाही.

अंगठा कागदावरून कसा गेला, समुद्रापलीकडे कसा उमटला, याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. तुमच्याकडे असेल तर जरूर कळवा. पण त्याआधी एक करा. तुमच्या हातात जे काम आहे, ते तुम्हाला कुणी दाखवलं, आठवा. उठा, पेन घ्या आणि त्या माणसाचं नाव लिहा. त्यानं येऊन मागायच्या आत.